मोरीखालचें जातें मुकें होतें तेव्हां

अमेरिकेंत नव्यानें संसार थाटणाऱ्या मराठी कुटुंबाला तेथील स्वयंपाकघरांत ज्या वस्तूंचें प्रथम नवल वाटतें आणि वर्ष-सहा महिन्यांत ज्यांच्यावांचून अडूं लागतें, त्यांत सिंकच्या खालीं बसविलेलें खरकटें दळण्याचें यंत्र अवश्य येतें. तिकडे त्याला गार्बेज डिस्पोजल, किंवा सुटसुटीतपणें डिस्पोजर, म्हणतात. ताटांतला उरलेला भात, भाजीचे देठ, फळांच्या साली सिंकच्या तोंडांत लोटावयाच्या, नळ सोडावयाचा आणि भिंतीवरचें बटण दाबावयाचें. खालीं क्षणभर घरघर होते आणि सारें खरकटें बारीक होऊन पाण्याबरोबर गटारांत निघून जातें. मोरीच्या जाळीवर सांचलेलीं शितें बोटांनीं गोळा करण्यांत ज्यांचा जन्म गेला, त्या आजीबाईंना हा प्रकार पाहून हसावें कीं हळहळावें हें कळत नाहीं. अन्न असें दळून वाहवून देणें त्यांच्या जिवावर येतें. पण सून त्यांची समजूत काढते, आणि चार दिवसांत आजीबाईहि बटण दाबूं लागतात.

मग एके दिवशीं दुपारीं बटण दाबलें जातें आणि कांहींच होत नाहीं. घरघर नाहीं, गुणगुण नाहीं, साधी थरथरहि नाहीं. सिंकमध्यें पाणी तुंबूं लागतें. अशा वेळीं घरांत आजीबाई एकट्याच आहेत, मुलगा-सून कामावर आणि नातू शाळेंत गेला आहे, असें समजावें. त्या सुनेला फोन करतात, “अगं, तुझं तें जातं आज मुळीं बोलतच नाहीं.” सून शहाणी असेल तर पहिल्या वाक्यालाच सांगते, “आई, आधीं भिंतीवरचं बटण बंद करा. आणि कांहींहि झालं तरी हात आंत घालूं नका.” पुढची सारी चिकित्सा या दोन वाक्यांवर उभी आहे.

कारण असें, कीं ज्या यंत्राला वीज मिळत नाहीं तें मेलेलें नसतें, झोंपलेलें असतें. बटण दाबूनहि यंत्र चाललें नाहीं म्हणजे तें बटण चालूच्या बाजूला तसेंच राहून जातें, आणि घाईगर्दींत कोणाच्या ध्यानांतहि राहत नाहीं. तासाभरानें घरांतला दुसरा कोणी तळघरांतल्या किंवा ओट्याच्या दुसऱ्या टोंकाच्या खटक्याला हात लावतो, वीज परत येते, आणि सिंकखालचें यंत्र कोणाला न विचारतां पूर्ण वेगानें फिरूं लागतें. त्याच क्षणीं आंत अडकलेला चमचा काढण्यासाठीं कोणीं बोटें घातलेलीं असलीं, तर काय होईल हें सांगावयास नको. म्हणून भिंतीवरचें बटण आधीं बंद. यंत्राला प्लग असेल तर आंत कांहीं करण्यापूर्वीं तो प्लगहि काढलेला असावा. आंत पाहावयाचें तें बॅटरीच्या उजेडांत वरून पाहावें, आणि काढावयाचें तें लांब चिमट्यानें किंवा पकडीनें काढावें. बोटें हें हत्यार या कामीं नाहींच.

या यंत्राचा जन्म १९२७ सालचा. विस्कॉन्सिन राज्यांतील रसीन या गांवीं जॉन हॅम्स नांवाचे एक वास्तुशिल्पी होते. त्यांनीं तें प्रथम बनविलें, १९३३ सालीं पेटंटसाठीं अर्ज केला आणि १९३५ सालीं त्यांना तें मिळालें. त्याच १९३५ सालीं जनरल इलेक्ट्रिक कंपनीनेंहि आपलें यंत्र पुढें आणलें, त्यामुळें पहिलेपणाचा मान कोणाचा याविषयीं थोडा वाद आहे. हॅम्स यांनीं काढलेली इन्सिंकइरेटर कंपनी मात्र पुढें या धंद्यांतलें सर्वांत परिचित नांव झाली. सगळ्याच शहरांनीं या पाहुण्याचें स्वागत केलें असें नाहीं. न्यूयॉर्क शहरांत जुन्या गटारांवर भार पडेल या भीतीनें बऱ्याच भागांत त्याला बंदी होती. ती १९९७ सालीं उठविण्यांत आली. उलट इंडियाना राज्यांतील जास्पर या लहानशा गांवानें १९५० सालीं घरोघरीं हीं यंत्रें बसवून कचऱ्याच्या डब्यालाच निरोप देण्याचा बेत केला होता.

यंत्राच्या पोटांत धारदार सुरे असतात अशी समजूत सार्वत्रिक आहे, आणि ती चुकीची आहे. वरच्या अंगाला दळण्याची कोठी असते, खालच्या अंगाला विजेची मोटर. मोटरच्या उभ्या दांड्यावर एक वाटोळी तबकडी बसविलेली असते आणि तबकडीवर धातूचे दोन बोथट तुकडे बहुधा सैल ठेवलेले असतात. तबकडी मिनिटाला सुमारें १७२५ फेरे घेऊं लागली कीं खरकटें बाहेरच्या बाजूला फेकलें जातें, आणि भोंवतालच्या दांतेरी कड्यावर, किसणीवर गाजर किसावें तसें, घांसून बारीक होतें. जात्याची उपमा म्हणूनच शोभते. फरक एवढाच कीं येथें वरची पाळ नाहीं आणि दळण कडेला होतें. बोथट असले तरी ते तुकडे एवढ्या वेगानें फिरतात, कीं धार नाहीं म्हणून बोटें वांचतील असें मात्र कोणीं समजूं नये.

अमेरिकेंत घरांतील वीज १२० व्होल्टची आणि सेकंदाला ६० आवर्तनांची असते. अर्ध्या अश्वशक्तीचें यंत्र सरळ चालत असतां सुमारें सहा-सात अँपिअर प्रवाह घेतें. हाडाचा तुकडा, नाणें, चमच्याचा दांडा तबकडी आणि कडें यांच्यामध्यें अडकला तर मोटर फिरूं शकत नाहीं, पण वीज तिला मिळतच राहते. फिरणाऱ्या मोटरपेक्षां अडकलेली मोटर कितीतरी पट अधिक प्रवाह ओढते. तिच्या गुंडाळ्या पाहतां पाहतां तापतात आणि वेळींच थांबविलें नाहीं तर जळून जातात. तें होऊं नये म्हणून यंत्राच्या बुडाशीं एक रक्षक खटका बसविलेला असतो. ताप वाढला कीं तो स्वतः होऊन प्रवाह तोडतो, आणि बुडाखालचें एक लहानसें लाल बटण पाव इंचभर बाहेर येतें.

येथेंच या विषयाची किल्ली आहे. यंत्र बंद पडलें म्हणजे पहिला प्रश्न असा विचारावा: तें गुणगुणलें होतें काय? भिंतीवरचें बटण दाबल्यावर खोल गुणगुण ऐकूं येते पण फिरण्याची घरघर होत नाहीं, याचा अर्थ वीज मोटरपर्यंत व्यवस्थित पोंचली आहे. मोटर मात्र अडकली आहे. उलट पूर्ण शांतता असेल तर वीज वाटेंत कोठें तरी थांबली आहे. गुणगुण म्हणजे अडकण, शांतता म्हणजे वीज नाहीं, इतकें सोपें सूत्र अनेकजण सांगतात. पण त्यांत एक मेख आहे. अडकलेली मोटर कांहीं सेकंद गुणगुणते, मग रक्षक खटका तुटतो आणि तीहि शांत होते. ज्यानें तिसऱ्यांदा बटण दाबून पाहिलें त्याला शांतताच ऐकूं येते, आणि तो विजेच्या तारा शोधीत बसतो. खरें कारण आंत अडकलेला चमचा असतो. म्हणून जो माणूस यंत्र बंद पडतांना तेथें उभा होता त्यालाच विचारावें. आजीबाईंनीं “आधीं जरासं हुं हुं केलं, मग गप्प झालं” असें सांगितलें, तर अर्धें निदान फोनवरच झालें.

गुणगुण झाली असेल तर भिंतीवरचें बटण बंद करून दहा-पंधरा मिनिटें यंत्राला निवूं द्यावें. मोटर तापलेली असेपर्यंत लाल बटण दाबलें तरी तें आंत टिकत नाहीं, पुन्हा बाहेर येतें. यामुळें पुष्कळ लोक यंत्र बिघडलें असा निष्कर्ष उगाच काढतात. निवेपर्यंत अडकण काढावी. पुष्कळ यंत्रांच्या बुडाच्या मध्यभागीं षट्कोनी भोंक असतें, त्यांत पाव इंचाची षट्कोनी किल्ली बसते. यंत्राबरोबर ती दिलेली असते आणि बहुधा पहिल्या वर्षांतच हरवलेली असते. बाजारांत ती सहज मिळते. प्लग काढून ती किल्ली भोंकांत घालावी आणि पुढेंमागें, पुढेंमागें हलवावी. तबकडी मोकळी झाली म्हणजे पूर्ण फेरा घेतां येतो. ज्या यंत्राला तळाशीं भोंक नसतें तेथें वरून लाकडी दांडा घालून तबकडी ढकलावी. रवीचा जुना दांडा या कामाला उत्तम. धातूची पळी मात्र वापरूं नये. अडकलेली वस्तु चिमट्यानें काढावी, प्लग परत लावावा, लाल बटण आंत बसेपर्यंत हलक्या हातानें दाबावें, नळ सोडावा, आणि मगच भिंतीवरच्या बटणाला हात लावावा.

कधीं कधीं कांहीं अडकलेलें नसतांहि लाल बटण बाहेर आलेलें आढळतें. एकदम फार खरकटें लोटल्यानें मोटरवर ताण पडला एवढेंच. मराठी स्वयंपाकघरांत याला कारणें पुष्कळ. शेवग्याच्या चोथ्याचे धागे, केळ्याच्या साली, कणसाच्या वरचीं पानें हीं तबकडीला दोऱ्यासारखीं वेढतात. कढीलिंब आणि कांद्याचा पातळ पापुद्रा कड्याच्या छिद्रांवर चिकटतो. भात दळला जातो खरा, पण पुढें नळींत जाऊन फुगतो.

आतां गुणगुण मुळींच झाली नव्हती अशी स्थिति घ्यावी. लाल बटण पाहिलें तर आंतच आहे. अशा वेळीं वीज जेथून येते त्या वाटेनें एकेक ठाणें तपासीत जावें, आणि आरंभ सर्वांत जवळच्या ठाण्यापासून, म्हणजे प्लगपासून, करावा. सिंकखालचें कपाट म्हणजे घरांतलें अडगळीचें माहेरघर. साबणाच्या बाटल्या, तेलाचा मोठा डबा, कांद्याबटाट्यांची पिशवी, जुन्या पिशव्यांनीं भरलेली आणखी एक पिशवी, हें सारें तेथें कोंबलेलें असतें, आणि त्या रेट्यानें प्लग अर्धवट निघून येतो. आजीबाईंच्या यंत्राचा आजार हाच निघाला तर नवल नाहीं: आदल्या दिवशीं दहा पौंड बटाटे आणून तेथें ठेवले, आणि पिशवीची गांठ तारेवर आली. प्लग नीट बसवावयाचा तो कोरड्या हातानें, आणि भिंतीवरचें बटण बंद असतांना. कपाटाच्या तळाशीं पाणी सांचलेलें असेल तर प्लगला हात न लावतां आधीं त्या मंडळाची वीज मुख्य पेटींतून बंद करावी.

प्लग जागेवर आहे, तरी यंत्र मुकेंच. मग त्या सॉकेटमध्यें वीज आहे कीं नाहीं हें पाहावें. यासाठीं उपकरणें लागत नाहींत. टेबलावरचा एक चांगला चालणारा दिवा पुरतो. येथें मात्र अमेरिकन घरांतली एक खुबी ठाऊक असावी लागते. सिंकखालीं एकाच चौकटींत दोन सॉकेटें असतात, आणि पुष्कळ घरांत त्यांतलें एकच भिंतीवरच्या बटणाच्या ताब्यांत असतें; दुसऱ्यांत वीज सदैव असते व तें भांडीं धुण्याच्या यंत्रासाठीं असतें. दिवा डिस्पोजरच्या सॉकेटमध्यें लावून भिंतीवरचें बटण चालू करून पाहावें. दिवा लागला तर वीज प्लगपर्यंत येत आहे आणि दोष यंत्रांतच आहे. दिवा दुसऱ्या सॉकेटमध्यें लागतो पण या सॉकेटमध्यें लागत नाहीं, तर भिंतीवरचें बटण किंवा त्याची तार गेली असण्याचा संभव मोठा. दोन्हींत लागत नाहीं, तर वीज त्याहून मागें कोठें तरी तुटली आहे. घर झाडतांना किंवा नवें यंत्र बसवितांना दोन प्लगांची अदलाबदल झाल्यास गंमत होते: डिस्पोजर प्लग लावतांच फिरूं लागतो, आणि भांड्यांचें यंत्र बटण दाबल्यावांचून चालत नाहीं. गंमत अर्थात् दुरून पाहणाराची. ज्याचा हात जवळ असेल त्याची नव्हे.

सर्वच यंत्रांना भिंतीवरचें बटण असतें असेंहि नाहीं. कांहींचें झांकण हेंच बटण असतें. तें आंत घालून ठराविक जागीं फिरविल्याशिवाय यंत्र चालत नाहीं, आणि झांकण नीट बसलें नाहीं तर मालक विजेला दोष देत बसतो. कांहीं घरांत ओट्यावर एक गुळगुळीत गुंडी दिसते. तिच्यांत वीज नसते, नुसती हवा असते. गुंडी दाबली कीं बारीक नळींतून हवेचा दाब सिंकखालच्या डबींतल्या खटक्यावर जातो आणि तो खटका प्रवाह सोडतो. ओल्या हातानें दाबावयास ही योजना फार सुरक्षित. पण ती नळी डबीवरून निसटली कीं गुंडी कितीहि दाबली तरी यंत्र उत्तर देत नाहीं. नळी परत खोंचली कीं काम झालें.

दोन्ही सॉकेटें मृत आढळलीं, तर एका लहानशा पण फार मोलाच्या खटक्याचा शोध घ्यावा. अमेरिकेंत त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून जीएफसीआय म्हणतात. ज्या सॉकेटच्या मध्यभागीं दोन चिमुकलीं बटणें असतात, एक परीक्षेचें आणि एक पूर्ववत् करण्याचें, तें हें. त्याचें काम जमाखर्च ताडून पाहणाऱ्या कारकुनासारखें आहे. एका तारेनें जितका प्रवाह यंत्राकडे गेला तितकाच दुसऱ्या तारेनें परत यावयास हवा. तो कमी परत आला, म्हणजे कांहीं प्रवाह भलत्या वाटेनें, कदाचित् ओल्या हातांतून, माणसाच्या देहांतून, जमिनींत चालला आहे. फरक सुमारें पांच मिलिअँपिअरवर गेला कीं हा कारकून सेकंदाच्या अगदीं अल्प अंशांत खातें बंद करतो.

या खटक्याचा इतिहास मनोरंजक आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत चार्ल्स डाल्झील हे विद्युत्शास्त्राचे प्राध्यापक होते. विजेचा धक्का बसला असतां माणसाच्या देहाचें काय होतें याचा त्यांनीं स्वेच्छेनें पुढें आलेल्या माणसांवर प्रयोग करून अभ्यास केला. तार हातांत धरलेल्या माणसाला किती प्रवाहापर्यंत ती सोडून देतां येते, आणि कोणत्या प्रवाहानंतर स्नायू आवळून हात सुटेनासा होतो, हें त्यांनीं मोजलें. सरासरीनें पुरुषांत ही मर्यादा सुमारें १६ मिलिअँपिअर आणि स्त्रियांत सुमारें साडेदहा मिलिअँपिअर आढळली. घरांतला साधा फ्यूज १५ अँपिअरला तुटतो, म्हणजे या मर्यादेच्या जवळ जवळ हजारपट प्रवाहाला. फ्यूज तारांना वांचवितो, माणसाला नव्हे. ती उणीव भरून काढणारा हा खटका डाल्झील यांनीं १९६१ सालीं सिद्ध केला, आणि अमेरिकेच्या विद्युत्संहितेच्या १९८७ च्या आवृत्तींत सिंकजवळच्या ओट्यावरील सॉकेटांना तो आवश्यक ठरला.

गृहिणीच्या दृष्टीनें अडचण एवढीच, कीं एका ठिकाणचा हा खटका पुढच्या अनेक सॉकेटांचें रक्षण करीत असतो. सिंकखालच्या सॉकेटला वीज देणारा खटका ओट्याच्या दुसऱ्या टोंकाला, पावाच्या डब्यामागें लपलेला असूं शकतो. जुन्या घरांत तो मोटारखान्यांत किंवा तळघरांतहि सांपडतो. सकाळीं मिक्सरजवळ पाणी सांडलें, खटका तुटला. मिक्सर बाजूला ठेवला. आणि दुपारीं डिस्पोजर चालेना. दोन गोष्टींचा संबंध कोणाला लागत नाहीं. डिस्पोजरचें बटण बंद असल्याची खात्री करून त्या खटक्याचें पूर्ववत् करण्याचें बटण घट्ट दाबावें. तें टिकलें तर बरें. डिस्पोजर चालू करतांच पुन्हा तुटलें, तर डिस्पोजरचा प्लग काढून परत पाहावें. प्लग काढल्यावर टिकतें आणि लावून चालविल्यावर तुटतें, याचा अर्थ यंत्रांतूनच वीज पाझरते आहे. तें यंत्र पुन्हा लावूं नये. आणि बटण मुळीं आंत बसतच नाहीं, तर बहुतेक नव्या जातीच्या खटक्यांत त्याचा एक अर्थ असाहि असतो, कीं खटक्यापर्यंतच वीज आलेली नाहीं. मग मुख्य पेटीकडे जावें.

मुख्य पेटींत सर्किट-ब्रेकरांची रांग असते. डिस्पोजरचा ब्रेकर १५ किंवा २० अँपिअरचा असतो, आणि कधीं तो भांड्यांच्या यंत्राशीं भागीदारींत असतो. म्हणून भांड्यांचें यंत्रहि मुकें झालें असेल तर संशय प्रथम येथेंच घ्यावा. तुटलेला ब्रेकर ओळखणें वाटतें तितकें सोपें नाहीं. त्याची दांडी बंदच्या बाजूला पूर्ण जात नाहीं, मधोमध रेंगाळते, आणि अंधाऱ्या तळघरांत ती चालूच असल्यासारखी दिसते. तिला नुसतें चालूकडे ढकलून भागत नाहीं. आधीं पूर्णपणें बंदकडे दाबावी, आणि मग चालूकडे आणावी. हें ठाऊक नसल्यामुळें ब्रेकर मेला अशी आवई कितीदां तरी उठते. हात आणि पाय कोरडे असावेत, जमीन कोरडी असावी.

ब्रेकर एकदां पूर्ववत् करून पाहावा. दुसऱ्यांदा तुटला तर तिसऱ्यांदा हात लावूं नये. तो उगाच तुटत नसतो. कोठें तरी दोन तारांची गांठ पडली आहे किंवा मोटरच्या गुंडाळ्या जळल्या आहेत, आणि प्रत्येक वेळीं ब्रेकर चढविणें म्हणजे त्या ठिकाणीं पुन्हा ठिणगी पाडणें आहे. जुन्या घरांत ब्रेकरऐवजीं स्क्रूचे फ्यूज असतात. तेथें १५ चा फ्यूज जातो म्हणून कोणी ३० चा बसवितो. हा उपाय यंत्र चालवितो आणि भिंतींतल्या तारा तापवितो. लाकडी चौकटींच्या अमेरिकन घरांना हें फार महाग पडूं शकतें.

येथपर्यंतचें काम घरच्या माणसाचें. याच्या पुढें, म्हणजे भिंतीवरचें बटण उघडणें, यंत्राच्या बुडाची पट्टी काढून तारांच्या गांठी तपासणें, हें काम परवानेदार वीजतज्ज्ञाचें. कांहीं यंत्रांना प्लग नसतोच, भिंतींतली तार सरळ बुडांत शिरते. त्यांच्या बाबतींत ब्रेकर बंद करण्यापलीकडे घरच्यांनीं कांहीं करूं नये. भाड्याच्या घरांत तर आपण होऊन कांहीं उघडण्याऐवजीं घरमालकाच्या माणसास बोलवावें. त्याला काय काय केलें तें नीट सांगावें: गुणगुण झाली होती कीं नाहीं, लाल बटण बाहेर होतें कीं आंत, दिवा कोणत्या सॉकेटमध्यें लागला. एवढें ऐकलें म्हणजे त्याचा निम्मा वेळ वांचतो, आणि येण्याच्या फीखेरीज तासाचे पैसे आकारणाऱ्या कारागिराच्या बाबतींत वेळ वांचणें म्हणजे पैसे वांचणेंच. नुसतें लाल बटण दाबून भली मोठी फी घेऊन गेलेल्या कारागिराची कथा प्रत्येक गांवच्या मराठी मंडळींत एकदां तरी ऐकावयास मिळते.

एक लक्षण मात्र निर्णायक समजावें. यंत्राच्या बुडांतून, लाल बटणाच्या आसपास, पाणी ठिबकत असेल तर दळण्याची कोठी आणि मोटर यांच्यामधील बंदिस्ती फुटली आहे आणि पाणी मोटरींत उतरलें आहे. वरच्या तोंडाशीं किंवा बाजूच्या नळीशीं गळती असेल तर सांधा आवळून काम भागतें. बुडाची गळती दुरुस्त होत नाहीं. असें यंत्र चालूच्या बटणावर कदाचित् फिरेलहि, पण तें ओल्या विजेचें भांडें झालेलें असतें. त्याचा प्लग काढून ठेवावा आणि नवें आणावें.

अमेरिकेहून परततांना असलें यंत्र सामानांत घालून आणण्याचा मोह कांहींना होतो. भारतांत घरांतील वीज २३० व्होल्टची आणि ५० आवर्तनांची आहे. तें यंत्र येथें सरळ लावलें तर मोटर जळून जाईल. व्होल्ट उतरविणारा ट्रान्सफॉर्मर मध्यें घातला तरी आवर्तनें साठाचीं पन्नासच राहतात, आणि साठावर चालण्यासाठीं केलेली मोटर त्यावर हळू फिरते व अधिक तापते. तो लाल खटका मग रोजच बाहेर येऊं लागतो.

वीज परत आल्यावर लगेच सारें तुंबलेलें खरकटें एकदम दळूं नये. भिंतीवरचें बटण बंद असतांनाच वरचें पाणी वाटीनें उपसावें, घट्ट खरकटें मोठ्या चमच्यानें काढून टाकावें, आणि बॅटरीच्या उजेडांत कोठींत डोकावून घरांतल्या चमच्यांची एकदां मोजदाद करावी. नंतर थंड पाण्याचा नळ मोठा सोडावा. गरम पाण्यानें तूप-तेल वितळून पुढें नळींत जातें आणि तेथें थिजतें. यंत्र सुरू झालें कीं घरघर ऐकावी. पूर्वींसारखी सलग असली तर उरलेलें थोडें थोडें घालावें, आणि दळण संपल्यावरहि अर्धा मिनिट पाणी चालू ठेवावें. मध्येंच खडखड झाली तर पुन्हा भिंतीवरचें बटण बंद करून पहिल्यापासून आरंभ करावा.